स्केलिंगनंतर फिलिंग खडबडीत का होतं आणि ते कसं टाळायचं

प्रश्न असा आहे. निपाणी भागात नव्यानं दवाखाना सुरू केलेल्या एका दंतवैद्यांकडे मिश्री लावणाऱ्या बायका बऱ्याच येतात. त्यांच्या दातांच्या मानेजवळ जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट, दाताच्या रंगाचं सिमेंट) भरलेलं असतं. स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं) झालं की पंधरा दिवसांत त्या फिलिंगवर काळपटपणा परत चढतो, जिभेला खरखर लागते आणि पेशंट म्हणतात, “डॉक्टर, सिमेंटच खरवडलासा की!” तेव्हा अल्ट्रासॉनिक (वेगानं थरथरणाऱ्या टोकाचं स्केलिंगचं मशीन) बंद करून सगळं हातानं करावं, की एअर पॉलिशर (हवेच्या झोतानं पावडर मारून डाग काढणारं मशीन) घ्यावा, असं त्यांनी विचारलंय.

पेशंटची तक्रार खरी धरूनच चला. मशीन बदलून मात्र ती मिटणार नाही. त्याच अल्ट्रासॉनिकनं फिलिंग शाबूत राखून साफसफाई करता येते आणि साध्या क्युरेटनं (कीटण काढायच्या हातातल्या अवजारानं) फिलिंगची वाटही लावता येते. कोणतं टोक कोणत्या पृष्ठभागाला लागतंय हे दर सेकंदाला ठाऊक असणं आणि जे खडबडीत झालं ते त्याच बैठकीत पुन्हा गुळगुळीत करून देणं, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे हा दुसरा भाग सर्रास राहून जातो.

खडबडीतपणाचा आकडा आधी डोक्यात बसवा. पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या खाली असेल, तर आणखी घासून जंतू चिकटण्यात फारसा फरक पडत नाही. त्याच्या वर गेला की प्लाक (जंतूंचा चिकट थर) धरायला लागतो. माणसाच्या जिभेला साधारण ०.३ ते ०.५ मायक्रॉनचा फरक कळतो. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर हे किती बारीक आहे ते लक्षात येईल. म्हणूनच तुमचा प्रोब (दात तपासायची टोकदार सळी) “ठीक आहे” म्हणतो आणि पेशंटची जीभ “खरखर लागतंय” म्हणते. अशा वेळी जिभेचं ऐका.

आता जीआयसीकडे बघा. त्यात काचेचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा पॉलीॲक्रिलिक आम्लाचा घट्ट झालेला जेल असतो. पावडर आणि लिक्विड हातानं घोटलं, तर आत हवेचे बुडबुडे राहतातच. फिलिंगच्या जीआयसीतले काचेचे कण ४०-५० मायक्रॉनपर्यंत मोठे असू शकतात. स्केलरचं टोक लागलं की आधी मऊ जेल झिजतो, कण उघडे पडतात, मग एखादा उपटून निघतो आणि जवळचा बुडबुडाही उघडा पडतो. ४० मायक्रॉनचा एक कण निघाला, तर ०.२ च्या हिशेबात तो खड्डा दोनशे पट खोल झाला. त्यात मिश्रीची पूड बसली की ब्रश तिथं पोचत नाही. तुमच्या पेशंटचा पंधरा दिवसांतला काळपटपणा तो हाच.

कंपोझिटचं (लाईट मारून घट्ट करतात त्या रेझिनच्या फिलिंगचं) थोडं बरं असतं. आजच्या बहुतेक कंपोझिटमध्ये कणांची सरासरी १ मायक्रॉनच्या आत असते, त्यामुळे कण निघाला तरी खड्डा उथळ राहतो. तरी टोक सरळ टेकलं तर त्यावरही चरे पडतात आणि कडेला कपचा उडतो. रेझिन मिसळलेलं जीआयसी या दोन्हींच्या मधलं. जुन्या चांदीच्या (अमलगम, चांदी-पाऱ्याच्या) फिलिंगवर चकचकीत ओरखडे दिसतात. ते पुन्हा घासून निघतात, त्यामुळे त्याची चिंता सगळ्यात कमी.

या भागातली खरी अडचण जागेची आहे. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची पूड. ती दिवसातून दोन-तीनदा बोटानं दातांच्या मानेवर आणि हिरडीवर चोळली जाते. वर्षानुवर्षांच्या चोळण्यानं हिरडी खाली जाते, मूळ उघडं पडतं आणि मानेला खाच पडते. थंड पाणी झिणझिणतं म्हणून ती खाच आपण जीआयसीनं भरतो. कीटणही नेमकं तिथंच धरतं. म्हणजे स्केलरला जिथं सगळ्यात जास्त फिरायचं आहे, तिथंच तोंडातलं सगळ्यात नाजूक फिलिंग बसलेलं असतं. शिवाय शेजारी उघडं डेंटिन (एनॅमलच्या आतला मऊ थर). एनॅमलवर (दाताच्या वरच्या कठीण कवचावर) चालणारी सवय इथं चालणार नाही.

म्हणून मशीनला हात लावण्याआधी फिलिंग कुठं कुठं आहेत याचा नकाशा करा. पेशंटला विचारा, “आक्का, कुठले कुठले दात भरून घेतलेत? चांदीचं, सिमेंटचं, की लाईट मारून केलेलं?” याचं उत्तर नव्वदीच्या वयातली आज्जीही देते. मग आरसा आणि चांगला उजेड घेऊन बघा. ओल्या दातावर दाताच्या रंगाचं फिलिंग लपतं, म्हणून दोन-तीन सेकंद हलकी हवा मारा. त्यापेक्षा जास्त नको, कारण जीआयसी वाळलं की पांढरं पडतं आणि त्याला बारीक भेगा जातात. वाळल्यावर मॅट, खडूसारखं दिसतं ते जीआयसी आणि चमक राहते ते कंपोझिट. प्रोबची बाजू हलकी फिरवली की कड हाताला लागते. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा टॉर्च असेल, तर बरीचशी कंपोझिट दातापेक्षा उजळ दिसतात. हे सगळं तीन मिनिटांचं काम आहे. केस पेपरवर दाताच्या नंबरापुढं “जी”, “क”, “चां” एवढं लिहिलं तरी पुढच्या वेळी उपयोगी पडतं.

अल्ट्रासॉनिक वापरताना चुका ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे टोक दाताला उभं टेकवणं. टिपची बाजू पृष्ठभागाला जवळजवळ समांतर हवी, ० ते १५ अंशांच्या आत. अल्ट्रासॉनिकचे प्रकार दोन, पिझो आणि मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह. पिझो मशीनचं टोक एका रेषेत पुढं-मागं हलतं, म्हणून त्याच्या दोन बाजूच कामाच्या. पोट किंवा पाठ लावली तर ते हातोडीसारखं ठोकत राहतं. मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्हचं टोक लंबगोल फिरतं, त्यामुळे त्याच्या सगळ्या बाजू चालतात, पण बिंदू टेकवला तर नुकसान तिथंही होतं.

दुसरी चूक दाबाची. स्केलिंगला लागणारा दाब अर्धा न्यूटन, म्हणजे साधारण ५० ग्रॅम. हे अंदाजानं कळत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा, मशीन बंद ठेवून टिपची बाजू काट्यावर टेकवा आणि आकडा बघा. नव्या हाताचा दाब काट्यावर बहुधा याच्या दोन-तीन पट निघतो. ५० वर हात स्थिर राहीपर्यंत रोज दोन मिनिटं सराव करा. आठवड्याभरात हाताला ते वजन पाठ होतं.

तिसरी चूक झिजलेल्या टिपची. टोक १ मिमी झिजलं की कामाची ताकद साधारण चतुर्थांशानं कमी होते, २ मिमी झिजलं की निम्मी. कीटण निघत नाही म्हणून आपण पॉवर वाढवतो आणि हात दाबतो, आणि त्याचा फटका फिलिंगला बसतो. टिपबरोबर येणारं मापाचं कार्ड भिंतीवर लावा आणि दर महिन्याला टिप त्यावर ठेवून बघा. २ मिमी झिजलेली टिप फेकूनच द्या. तिची किंमत जीआयसीच्या एका बाटलीपेक्षा जास्त वाटली, तरी ती वाचवून काही मिळत नाही.

पाण्याचं एक सांगतो. बोअरचं जड पाणी थेट मशीनला जोडलं की नळीत क्षार बसतात, धार बारीक होते, टिप गरम होते आणि फिलिंगच्या कडा तापतात. सीमाभागातल्या गावांत हे नेहमीचं आहे. बाटलीची सोय असलेलं मशीन घ्या आणि त्यात डिस्टिल्ड पाणी वापरा. धार टिपच्या टोकाशी तुषारासारखी उडायला हवी, थेंब थेंब नको.

आता मानेजवळचं प्रत्यक्ष काम. फिलिंगच्या कडेपासून सुमारे १ मिमी लांबपर्यंतच अल्ट्रासॉनिक न्या, बारीक टिप आणि कमी पॉवरवर. टोक एका जागी थांबू देऊ नका. कडेलगतचं उरलेलं कीटण धारदार क्युरेटनं काढा. पुढच्या दातांना ग्रेसी क्युरेट नंबर १-२ किंवा ३-४, उपदाढांना ५-६. इथं ओढण्याची दिशा महत्त्वाची. खालून वर ओढलं की पातं फिलिंगच्या खालच्या कडेत अडकतं, आणि तिथं पायरी राहिलेली असेल तर कपचाच येतो. म्हणून कडेला समांतर, आडवं ओढा. बोथट क्युरेट वापरू नका. तो कीटण काढत नाही, दाबून चकचकीत करतो आणि आपण आणखी जोर लावतो. पूर्ण हातानं केल्यानं सगळं सुरक्षित होईल, हेही खरं नाही. धारदार क्युरेट जीआयसीवरून थेट ओढला तर चरा पडतोच. फिलिंगच्या मधल्या पृष्ठभागावर बहुधा नुसता डाग असतो, घट्ट कीटण फार कमी वेळा. डागासाठी पॉलिश आहे, तिथं स्केलर नेण्याची गरजच नाही.

एअर पॉलिशरचं उत्तर पावडरीवर ठरतं. सोडियम बायकार्बोनेट तसं मऊ आहे, कठीणपणाच्या मोहस मापात २.५. पण त्याचे कण सरासरी ६५-७० मायक्रॉनचे, काही तर २५० पर्यंतचे, कोनेरी आणि वेगात येणारे. एनॅमलवर ते चालतं. जीआयसीवर मात्र सगळ्यात वाईट परिणाम त्याचाच होतो, जेल अक्षरशः उडून जातो. उघड्या मुळाचं डेंटिनही खरवडलं जातं. मिश्रीच्या पेशंटला दोन्ही मानेलाच असतात, म्हणून मानेजवळ बायकार्बोनेट नकोच. ग्लायसिनचे कण २५ मायक्रॉनच्या आसपास, एरिथ्रिटॉलचे १४ च्या आसपास, दोन्ही त्याहून मऊ. कंपोझिटवर आणि डेंटिनवर ते बरेच सौम्य आहेत, पण जीआयसीवर तेही अगदी निरुपद्रवी नाहीत. नळी दातापासून ३ ते ४ मिमी लांब धरा, पुढच्या दातांना साधारण ६० अंश, मागच्यांना ८०, नळीचं तोंड हिरडीकडे न रोखता दाताच्या टोकाकडे. एका पृष्ठभागावर ५ सेकंदांपेक्षा जास्त नको. ॲल्युमिनियम ट्रायहायड्रॉक्साईडची पावडर कुणी स्वस्तात दिली, तर ती कुठल्याही फिलिंगजवळ नेऊ नका.

खरेदीचं मत विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो: तुमच्या पेशंटचा विचार करता मशीन घेणं ही आजची निकड नाही. मिश्रीचा जुना, डांबरासारखा थर ग्लायसिननं फार सावकाश निघतो आणि ज्या बायकार्बोनेटनं तो भराभर निघतो, ते मानेला वापरता येत नाही. घ्यायचंच असेल तर ग्लायसिन चालणारं घ्या. पावसाळ्यात बेळगाव-खानापूरकडच्या दमट हवेत पावडर रात्रभर डब्यात ठेवू नका, गोळा होऊन नळी तुंबते. रोज संध्याकाळी डबा रिकामा करा, नळीतून नुसती हवा सोडा. रक्तदाबासाठी मीठ कमी केलेल्या किंवा किडनीच्या पेशंटला बायकार्बोनेट नको. दमा असेल तर कुठलीच पावडर नको.

आता राहून जाणारं पॉलिश. आपल्याकडे स्केलिंग झालं की सगळ्या तोंडात प्युमिस (ज्वालामुखी दगडाची भुकटी) आणि रबर कप फिरवतात. प्युमिस मोहसमध्ये ६ च्या जवळ, एनॅमल ५. फिलिंगवर हा भरड कागदच झाला. डाग निघतो, पेशंट खूश होऊन जातो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. प्युमिस वापरायचाच असेल तर फिलिंग नसलेल्या एनॅमलवर वापरा. फिलिंगवर फक्त बारीक पेस्ट, आणि त्याआधी त्या त्या फिलिंगचं स्वतःचं पॉलिश.

कंपोझिटला ॲल्युमिनियम ऑक्साईडच्या डिस्क, मध्यमपासून अतिबारीकपर्यंत क्रमानं, प्रत्येकी १०-१५ सेकंद, कमी वेगात आणि हलक्या हातानं. प्रत्येक डिस्कनंतर पाणी मारून पुसा. आधीच्या डिस्कचा एक भरड कण राहिला तरी पुढची डिस्क तोच फिरवत चरे काढते. शेवटी मऊ कपवर बारीक डायमंड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साईडची पेस्ट. पायरी गाळू नका. मध्यमवरून थेट पेस्टवर उडी मारली तर चमक येते, पण चरे तसेच राहतात आणि जिभेला कळतात.

जीआयसी कोरडं घासू नका. कॉटन रोल लावा, फिलिंगवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या आणि सगळ्यात बारीक डिस्क हलकेच फिरवा. पुसून घ्या, धुवा, ओली चमक जाईपर्यंतच वाळवा. त्यावर लाईटनं घट्ट होणारा रेझिनचा कोट ब्रशनं पातळ लावा, कडेपलीकडं अर्धा मिमी जाऊ द्या आणि २० सेकंद लाईट मारा. काच आणि जेलमधले सगळे खड्डे या कोटनं भरतात. प्रश्नातल्या काळपटपणावर खरा उतारा हाच आहे. हा कोट काही महिन्यांत झिजतो, म्हणून दर स्केलिंगनंतर नव्यानं लावायचा. बाटली छोटी असते आणि थेंबभरात चार दात होतात.

चांदीला तपकिरी मग हिरवी रबर टोकं, भरपूर पाणी, अजिबात दाब नाही. ६० अंश सेल्सिअसच्या वर तापली की पारा सुटतो. सिरॅमिक कॅपवर धातूची टिप नेऊ नका. एकदा ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) गेली की पहिल्यासारखी चमक परत येत नाही आणि कडेचं सिमेंटही निघतं. तिथं प्लास्टिकची टिप आणि बारीक पेस्ट.

स्केलिंगनंतर फ्लोराईड द्यायचं असेल तर बाटलीवरचं नाव वाचा. एपीएफ म्हणजे १.२३ टक्क्यांचं आम्लयुक्त जेल. त्याचा पीएच साडेतीनच्या आसपास असतो आणि ते जीआयसीची, कंपोझिटमधल्या काचेची आणि पोर्सेलिनचीही झीज करतं. तुम्ही अर्धा तास केलेलं पॉलिश ते चार मिनिटांत घालवतं. २ टक्के न्यूट्रल सोडियम फ्लोराईड किंवा ५ टक्के वार्निश वापरा. क्लोरहेक्सिडीनची गुळणी लिहून देत असाल तर दोन आठवड्यांपुरतीच. तिचा तपकिरी डाग खडबडीत फिलिंगवर सगळ्यात आधी चढतो, आणि चहा-मिश्रीच्या जोडीला तर लगेच.

क्रमही तपासा. पेशंट झिणझिण्या घेऊन येतो म्हणून आधी दात भरून टाकतात आणि आठवड्यानं स्केलिंग करतात. हे उलटं करा. आधी स्केलिंग, एक-दोन आठवडे हिरडी बसू द्या, रक्त यायचं थांबलं की मग मानेचं फिलिंग. हिरडीतून रक्त येत असताना भरलेल्या जीआयसीची खालची कड पहिल्याच दिवसापासून कच्ची राहते. तोवर झिणझिण्यांसाठी फ्लोराईड वार्निश लावून देता येतं. जीआयसी हाताला काही मिनिटांतच कडक लागतं, पण पहिले २४ तास ते पाण्याला आणि वाळण्याला फार संवेदनशील असतं आणि पुढंही कित्येक आठवडे घट्ट होत राहतं. भरताना मानेचा मॅट्रिक्स (फिलिंगला आकार देणारी पातळ पट्टी) वापरा. मॅट्रिक्सखाली घट्ट झालेला पृष्ठभाग सगळ्यात गुळगुळीत येतो, नंतर कितीही घासलं तरी तेवढा होत नाही.

“सिमेंट खरवडलासा” म्हणणाऱ्या पेशंटनं कापसावर तुकडा दाखवला, तर तो नीट बघा. कीटणाचा तुकडा काळा किंवा हिरवट-तपकिरी, भुसभुशीत असतो. जीआयसीचा पांढरा, घट्ट, आणि आतली बाजू खाचेच्या आकाराची. हलक्या हाताच्या स्केलिंगनं जे फिलिंग पूर्ण सुटून आलं, त्याची पकड आधीच गेलेली होती, त्याला धरून ठेवलं होतं कीटणानं. हे स्केलिंगच्या आधी आरशात दाखवून सांगितलं तर पेशंटला पटतं. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते. कडेला नुसती काळी रेघ आहे आणि प्रोब घसरतोय, तर पॉलिश आणि कोट पुरे. प्रोब अडकतोय आणि खाली मऊ लागतंय, तर कीड आहे, फिलिंग बदला.

मिश्री सुटली नाही तर कितीही गुळगुळीत केलं तरी काळं परत येईल, हे पेशंटला त्याच दिवशी, तिच्याच भाषेत सांगा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे, तो केस पेपरच्या मागं लिहून द्या. आणि स्केलिंग करताना खालचा ओठ आणि गाल ओढून मिश्री जिथं बसते ती जागा प्रत्येक वेळी बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, सुरकुतलेली कातडी, दोन आठवडे न भरणारा व्रण दिसला, तर फिलिंगचा विषय बाजूला ठेवा आणि पेशंटला त्याच आठवड्यात पुढं पाठवा.

आता सध्या खरखरीची तक्रार घेऊन येणाऱ्यांचं काय? त्यांच्यावर पुन्हा स्केलर चालवू नका. फिलिंगची कड तपासा, अतिबारीक डिस्क, जेली, धुणं, कोट, २० सेकंद लाईट, एवढंच करा. एका दाताला पाच-सहा मिनिटं लागतात. पुढची तारीख तीन-चार महिन्यांची द्या आणि ती सुगीत येऊ देऊ नका. ऊस-तंबाखूच्या दिवसांत रानात असलेल्या बायका दवाखान्यात येत नाहीत. सुगीच्या आधी एक आणि सुगी आटोपल्यावर एक अशी तारीख ठेवली, की त्या ती पाळतात.